हरकत आहे की नाही

तपासणीचा रविवार पुढे ढकलायचा नाही, हा अण्णांचा नियम. घरात आजारपण असो, पाहुणे असोत, नाहीतर आभाळ कोसळलेलं असो. वर्षातून एकदा घरची लिफ्ट उघडायची म्हणजे उघडायची. दुसऱ्यांच्या लिफ्टवर पोट भरणाऱ्याच्या स्वतःच्या घरची लिफ्ट कुरकुरली तर लोक काय म्हणतील? दिव्याखाली अंधार म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. अण्णा गेले, नियम राहिला. या घराण्यात माणसं जातात आणि त्यांचे नियम मागे उरलेल्यांच्या मानगुटीवर बसतात.

यंदा तो रविवार नेमका सुनावणीच्या आदल्या दिवशी आला.

म्हणून सकाळपासून सगळे जमले होते. तळमजल्यावरच्या कारखान्यात अण्णांचा थोरला मुलगा, सगळ्यांचा दादा, हातमोजे शोधत होता आणि ते त्याच्याच मागच्या खिशात होते. वकील ताई शनिवारीच आली होती. बॅगेत कागदच कागद, बदलायला साडी मात्र एकच. धाकट्याला लहानपणी दिसेल ते बटण दाबायची खोड होती, म्हणून त्याचं नाव बटण्या पडलं. आता कानाशी केस पांढरे झाले तरी ते सुटलं नव्हतं. तो जिन्याखाली बसून आपला जेवणाचा डबा फडक्यानं पुसत होता, तोही रिकामा.

वर स्वयंपाकघरात बटण्याची बायको सुपासाठी बटाटे सोलत होती. ती डायलिसिसच्या वॉर्डात नर्स. यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या नळ्या सांभाळण्यात तिचा दिवस जाई. आडून आडून बोलणारे लोक तिला मुळीच खपत नसत.

"ताई, परत एकदा सांगा," ती म्हणाली. "मला कळेल असं."

ताईनं चष्मा कपाळावर सरकवला. "तिकडच्या सरकारनं आपल्या सरकारकडे बटण्याला मागितलंय. तिथल्या कोर्टात उभं करायला. दोन देशांत करार आहे, आणि करारात लिहिलंय की स्वतःच्या नागरिकाला दुसऱ्याच्या हवाली करायला कुठलाही देश बांधील नाही. आता बांधील नाही म्हणजे देऊच शकत नाही, असं नव्हे. द्यायचं मनात असलं तर देता येतं. उद्या मॅजिस्ट्रेट बाई त्याला एकच गोष्ट विचारतील. तू इथला नागरिक आहेस, तर तुला पाठवायला तुझी हरकत आहे का?"

"आणि तो हो म्हणाला तर?"

"फाइल मंत्रालयात जाते. आणि मंत्रालय..."

"मंत्रालय आजवर नाहीच म्हणत आलंय!" दादा जिना चढून वर आला होता. "मग झालं तर! एका शब्दाचं काम. इतके दिवस आपण उगाच जीव टांगणीला लावून बसलोय."

"आणि हरकत नाही म्हणाला," ताई शांतपणे पुढे म्हणाली, "तर महिन्याभरात विमानात."

बटाट्याची साल काढणारा सुनेचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

झालं काय होतं, ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लपवाछपवी नव्हती. बटण्या सहा वर्षं परदेशात लिफ्टचं काम करत होता. लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. दाराच्या कुलपात तशी सोय असते. तपासताना मात्र दार उघडं ठेवून ती हलवावी लागते. तेव्हा कारागीर वायरीचा एक तुकडा लावून त्या कुलपाला तेवढ्यापुरतं फसवतो. या वायरीला जंपर म्हणतात. काम झालं की जंपर काढायचा. बटण्यानं तो काढला नाही. संध्याकाळी साफसफाई करणारी एक बाई बादली घेऊन लिफ्टमध्ये पाऊल टाकत होती, आणि लिफ्ट दार उघडं ठेवून वर निघाली. बटण्या दुसऱ्या दिवशी ठरलेल्या रजेवर घरी आला. ती बाई गेल्याचं त्याला इथे आल्यावर समजलं. तो पळून आला नव्हता. पण परत गेलाही नव्हता, आणि आता तर पासपोर्टच कोर्टात जमा होता.

"माझ्या मते त्यानं जावं," ताई म्हणाली.

"तू तेच म्हणणार!" दादाचा आवाज चढला. "मागे त्या परिषदेत भाषण ठोकलंस ना? आपला माणूस म्हणून पाठीशी घालणं हा राजेरजवाड्यांच्या काळातला हट्ट आहे, म्हणून. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या. तेव्हा कुठे ठाऊक होतं, वाढलेलं आपल्याच ताटात पडणार आहे?"

"तेव्हा खरं होतं, ते आज खोटं कसं होईल?"

"खरं असेल गं. पण भाऊ कुणाचा आहे?"

भाऊ ताईचाच होता. तिच्या कडेवर वाढलेला. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्या स्वयंपाक करायची आणि ताई याला खेळवायची. ते आठवलं की तिचा सगळा कायदा चुलीत जायचा, आणि दादाला हे बरोब्बर माहीत होतं.

"बरं, पाठवू नका म्हणणाऱ्यांनाही कायद्यात उत्तर आहे," ती म्हणाली. "आपला माणूस देत नसाल तर इथेच खटला चालवा, असा संकेत आहे. एक तर द्या, नाहीतर न्याय तुम्ही करा."

"मग करा की इथे! कोण नको म्हणतंय?"

"दादा," ताईनं आवाज खाली आणला, "आत्याच्या वेळी तेच झालं होतं."

आणि तेवढ्यात जिन्यावर आत्याची पावलं वाजली. दर पायरीवर एक उसासा. घरात लिफ्ट असून ही बाई तीस वर्षं जिनाच चढत होती. गुडघ्यांनी बंड केलं, डॉक्टरनं रागावून पाहिलं, ती बधली नाही. तिचा नवरा लिफ्टमध्येच गेला होता. ती दारात आली तेव्हा तिघंही बटाटे केवढे महाग झालेत यावर बोलत होती.

"चालू द्या, चालू द्या," आत्या म्हणाली. "मी आले की या घरात भाजीपाल्याचे भाव फारच निघतात हल्ली."

*

मशिनची खोली गच्चीला लागून. दोघं भाऊ आत उभे राहिले की तिसऱ्याला जागा नाही. दादानं ब्रेकचं झाकण काढलं, धाकट्यानं न सांगता पाना पुढे केला. अशी पंचवीस-तीस वर्षं या दोघांनी बोलण्यावाचून काम केलं होतं. बटण्या परदेशी होता त्या सहा वर्षांत दादानं दर वेळी दुसरा माणूस बरोबर घेतला आणि दर वेळी चिडचिड केली.

मग बटण्या खोलीलगतच्या लिफ्टच्या दाराच्या कुलपाशी वाकला. त्यानं पिशवीतून जंपर काढून कुलपाला लावला, लाल वायर, तिला हातभर सुतळी, आणि सुतळीचं दुसरं टोक त्यानं जेवणाच्या डब्याच्या कडीला बांधलं. एक गाठ. मग दुसरी. मग तिसरी.

ही अण्णांची पद्धत. जंपर डब्याला बांधायचा. माणूस काय वाटेल ते विसरेल, भूक विसरणार नाही. डबा उचलायला गेला की सुतळी ताणते, आणि वायर आठवते. पोरांना त्यांनी अक्षरं गिरवायच्या आधी ही गाठ शिकवली होती. दुसऱ्या कंपन्यांची माणसं हसायची. या घराण्याच्या हातून मात्र बटण्याच्या त्या दिवसापर्यंत जंपर कधी मागे राहिला नव्हता.

"तीन गाठी कशाला?" दादानं विचारलं.

"असू दे."

"तिकडे डबा चालत नव्हता, नाही का?"

"कामाच्या जागी खाणं बंद. नियम चांगलाच होता, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. मी मग सुतळी जाकिटाला बांधायचो. थंडीचा देश, जाकिटाशिवाय कोण बाहेर पडतंय? पण त्या दिवशी उकडत होतं. जाकीट गाडीत टाकलं आणि वायर तशीच मोकळी लावली. म्हटलं, एवढं काय, राहील लक्षात." त्यानं सुतळी ओढून पाहिली. "मग दुसऱ्या इमारतीतून फोन आला. दोन पोरं अडकली होती. गेलो, काढली त्यांना. त्यांच्या आईनं माझे हात धरले, दादा. मी तिथून तसाच परस्पर घरी गेलो. खुशीत."

दादा ब्रेककडे बघत राहिला.

"अण्णांनी सवय हाताला लावली," बटण्या म्हणाला. "डोक्याला लावायची राहून गेली."

"अण्णांना मध्ये आणू नकोस."

"नाही आणत. वायर मी लावली, अण्णांनी नाही."

"तू जायचं ठरवलंयस," दादा म्हणाला.

"ठरवलं असतं तर झोप तरी लागली असती. रात्री जायचं ठरवतो, सकाळी चहा पिताना वाटतं, खुळा आहेस का? सरकार स्वतःहून पदराखाली घ्यायला उभं आहे, जा लपून." तो कसंनुसं हसला. "त्या गेलेल्या बाईच्या मुलीचा फोटो पाहिलास तू? रस्त्यात फलक धरून उभी होती. त्यावर माझं नाव लिहिलेलं, तेही चुकीचं. आणि मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते त्याचं. नाव चुकल्याचं! बघ, माणूस किती कोडगा असतो."

"कोडग्या माणसाला ते कळत नाही."

"मी आत्याची वाट बघतोय," बटण्या म्हणाला. "ती जा म्हणाली की जाईन. तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाला आहे? तीस वर्षं ज्या माणसाला तिनं शिव्या घातल्या, तोच मी आहे आता."

दादाला खूप काही सांगायचं होतं. लोक काय म्हणतील, कंपनीच्या पाटीवर आडनाव आहे, मोठ्या इमारतींची कामं हातची जातील. सगळं त्यानं मनात जुळवून आणलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ही लिफ्ट एकट्याला उघडता येत नाही रे. दोन माणसं लागतात."

बटण्यानं पाना त्याच्या हातातून घेतला आणि झाकण बसवायला लागला.

*

जेवायला पाचही जण एका टेबलाशी बसले. बटाट्याचं सूप, पाव, उकडलेली अंडी. डबा आणि जंपर वर कुलपाशीच होते, कारण काम अर्धंच झालं होतं. अण्णांच्या नियमानं बटण्याला आज घरातसुद्धा डब्यातच जेवायला हवं होतं, पण आत्यानं डोळे वटारले आणि तो निमूट ताटावर बसला.

सून सगळ्यांकडे बघत होती. दादा सुपात पाव बुडवून विसरला होता. ताई मीठ मागत होती आणि मीठ तिच्या कोपराशी होतं. चार शहाणी माणसं एका म्हातारीला एक प्रश्न विचारायला घाबरत होती. तिच्या वॉर्डात असं चालत नसे. तिथे सुई टोचायची तर सांगून टोचतात.

"आत्या," ती म्हणाली, "यानं उद्या काय म्हणावं?"

दादाला ठसका लागला. आत्यानं त्याला पाण्याचा पेला सरकवला, त्याचा ठसका थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग चमचा खाली ठेवला.

"तुला ठाऊक नसेल सगळं," ती सुनेला म्हणाली. "या तिघांना तोंडपाठ आहे, पण तूही ऐक. तेव्हा बाहेरच्या देशातला एक इंजिनिअर इथे मोठी लिफ्ट बसवायला आला होता. ह्यांचे आतोबा त्याच्या हाताखाली. ब्रेक तपासला म्हणून त्यानं सांगितलं, आणि तपासला नव्हता. पहिली फेरी आपल्या माणसाची, म्हणून हे आत गेले. संध्याकाळच्या विमानानं तो इंजिनिअर त्याच्या घरी, आणि आमच्या घरी हे असे. आपल्या सरकारनं मागितला त्याला. त्यांचं उत्तर आलं, आम्ही आमचा माणूस देत नाही. न्याय आम्ही इथेच करू."

"आणि केला?"

"बोलावलं ना मला! गेले की मी, एकटी. कोर्टाबाहेर व्हरांड्यात बाक होता, तिथे बसवलं. समोरच्या बाकावर तो. येणारा-जाणारा त्याला हात करत होता. शिपाई त्याच्याशी काहीतरी बोलला आणि दोघं हसले. माझ्यावर हसले असं नाही म्हणत मी, आपले सहज हसले, गावातली माणसं हसतात तसे. आत काय चाललं होतं त्यातला एक शब्द मला कळला नाही. दुभाष्या होता, पण त्याचंही लक्ष घड्याळाकडे. तुटलेला ब्रेक इथे, पाहणारी माणसं इथे, आणि न्याय तिथे. सुटला तो. पुरावा नाही म्हणाले. बाहेर येऊन त्यानं मला मान लववली, आणि मी..." आत्यानं तोंड पुसलं. "मी पण लववली. सवयीनं. त्याचा राग मला अजून जात नाही."

कोणी जेवत नव्हतं.

"म्हणून म्हणते," आत्या म्हणाली, "हरकत घे."

ताईनं मान झटकन वर केली. बटण्याचा हात पावावर तसाच राहिला.

"अशी काय बघताय? घे हरकत. मी काय त्या बाईची कोण आहे? मी याची आत्या आहे. याला मी न्हाऊमाखू घातलंय. गेली बिचारी, तिच्यासाठी मला रडू येतं, खोटं नाही सांगत, रोज येतं. पण म्हणून याला उचलून देऊ? सांगा त्या मंत्रालयाला, आम्ही आमचा माणूस देत नाही."

ती थांबली. सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि सगळ्यांत आधी तिनंच.

"हं," आत्या हळूच म्हणाली. "तेच निघालं बघा तोंडून. अक्षर न् अक्षर तेच." ती ओल्या डोळ्यांनी हसली. "तिथे व्हरांड्यात त्याच्या शेजारी एक म्हातारी होती. त्याचा कोट मांडीवर घेऊन बसलेली, दोन्ही हातांनी धरून. काय काय शिव्या दिल्या असतील मी तिला मनात. आज कळतंय, ती कोट का सोडत नव्हती."

ताई रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "मीही तेच म्हणते. बटण्या, घे हरकत. भाषणं काय, चुलीत गेली भाषणं. किती वर्षं आत ठेवतील कोण जाणे. भाषा येते म्हणून काय झालं, तुरुंग तो तुरुंग."

आता दादानं टाळी द्यायला हवी होती. सकाळपासून त्याला हेच हवं होतं. पण तो सुपाकडे बघत म्हणाला, "त्याला विचारा."

"तू कधीपासून त्याला विचारायला लागलास?" ताई.

"वरती तीन गाठी मारल्यात त्यानं. एकीवर एक. असा कारागीर आयुष्यभर कसा जगणार, मला सांग. त्याला विचारा म्हणतो."

"आणि मला?" सून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण सगळे तिच्याकडे वळले. "सकाळपासून प्रत्येक जण आपापला भाऊ, आपापला भाचा करतोय. माझा नवरा आहे तो. मला तो इथे हवा, रोज, घोरणारा का असेना. पण गेले चार महिने हा लिफ्टमध्ये शिरताना आधी खाली बघतो. दार मिटेपर्यंत श्वास घेत नाही. मी मोजू शकते श्वास, माझं कामच आहे ते. हा असा इथे राहिला तर तो माझ्याजवळ राहिला असं मी नाही म्हणणार." तिनं नाक पुसलं. "ताई, शिक्षा झाली तर ती इथे आणून भोगता येते, म्हणाला होतात. ते खरं ना?"

"येते. पाठवतानाच तशी अट घालता येते. तिकडचे तयारही आहेत, पण यानं हरकत घेतली नाही तर."

सगळ्यांनी बटण्याकडे पाहिलं. त्याला तसं बघितलेलं कधीच आवडत नसे; लहानपणी तो अशा वेळी जवळचं बटण दाबून पळायचा.

"आत्या," तो म्हणाला, "आपल्या कोर्टाची लिफ्ट कुणाकडे आहे?"

"कुणाकडे म्हणजे? आपल्याच कंपनीकडे. अण्णांनी बसवली."

"मागच्या सोमवारी हजेरीला गेलो. तिथला शिपाई मला म्हणाला, बरं झालं आलास, तिसऱ्या मजल्याचं दार अडतंय, जाता जाता बघ ना जरा. आणि मी बघितलं. दार नीट करून दिलं, त्यानं मला चहा पाजला, मग आम्ही दोघं वर गेलो आणि त्यानंच आरोपी हजर म्हणून माझ्या नावाचा पुकारा केला." तो थांबला. "इथे खटला चालला तर तिच्या मुलीला इथे यावं लागेल. त्या बाकावर बसावं लागेल. आणि समोर शिपाई मला चहा देईल. आपली माणसं वाईट नाहीत, आत्या. त्या गावातलीही नसतील. पण तू जिथे बसली होतीस तिथे तिला मी बसवू का? तू सांग."

आत्या खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला कोंडीत धरू नकोस. तुला जायचं तर जा, तुझे पाय आहेत. पण माझ्या होकारावर जाऊ नकोस. तो मी देणार नाही. मेले तरी देणार नाही."

"आत्या, अगं..."

"नाही म्हटलं ना!"

ती जिन्याकडे गेली. खालच्या मजल्यापर्यंत तिचे उसासे ऐकू येत राहिले. सुनेनं तिचं ताट झाकून ठेवलं.

दुपारी काम पुरं झालं. बटण्यानं तीन गाठी नखांनी सोडवल्या, जंपर काढून डब्यात ठेवला आणि डबा दादाच्या हातात दिला. मग अण्णांच्या नियमानं पहिली फेरी, ज्याचा हात त्याची फेरी, एकट्यानं. तो आत शिरला, खाली बघितलं, दार मिटलं. दादा वर उभा राहून आवाज ऐकत होता. लिफ्ट खाली गेली, वर आली. कुठेही कुरकुर नव्हती.

*

सोमवारी कोर्टात गर्दी नव्हती. कुणाचं तरी भाड्याचं भांडण संपलं होतं आणि दोन्हीकडची माणसं जाता जाता भांडतच होती. शिपायानं बटण्याला बघून ओळखीचं हसू आणलं आणि मग, काय वाटलं कोण जाणे, ते परत आत घेतलं. तिकडच्या सरकारच्या बाजूनं आलेला वकील कागद लावत होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं. ताईला उगाच वाटून गेलं, ती मुलगी असती तर बरं झालं असतं, आणि लगेच वाटलं, नाही तेच बरं.

आत्या आली नव्हती. सकाळी ती चहाच्या वेळीही खोलीबाहेर पडली नाही. दादानं दारावर दोनदा थाप मारली, तर आतून "जा तुम्ही" एवढंच आलं.

मॅजिस्ट्रेट बाई वयस्कर होत्या, आवाज सर्दीनं बसलेला. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, कायदा समजावून सांगितला, ताईनं स्वयंपाकघरात सांगितला होता त्याहून जरा अवघड करून.

"तुम्ही या देशाचे नागरिक आहात. तुम्हाला हवाली करायला हा देश बांधील नाही. घाईनं उत्तर देऊ नका. वकिलांशी बोलायचं असेल तर बोला."

बटण्यानं ताईकडे पाहिलं. ताईचा चष्मा कपाळावर होता आणि तिला काही दिसत नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याचा श्वास मोजत असावी. तिनं मान डोलावली.

"तुमची हरकत आहे की नाही?"

"नाही," बटण्या म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं घसा साफ करून पुन्हा म्हटलं, "माझी हरकत नाही. फक्त शिक्षा झाली तर ती घराजवळ भोगू द्यावी, एवढी विनंती आहे."

बाईंनी मान डोलावली. कारकून टाइप करू लागला.

"माझी आहे!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आत्या दाराची चौकट धरून उभी होती, तीन मजले चढून आलेली, धापा टाकत. पदर खांद्यावरून घसरला होता. शिपाई पुढे झाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच थांबला.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या."

"आजी," मॅजिस्ट्रेट बाई सावकाश म्हणाल्या, "तुमची हरकत कायद्यात बसत नाही. ज्याला पाठवायचं, हरकत त्यालाच घेता येते."

"ठाऊक आहे मला. तुमचं काही अडवत नाही मी, त्याचंही नाही. पण हा कागद तिकडे जाणार ना? त्या पोरीला वाचून दाखवतील ना कुणी तरी?" तिला दम लागला, दादा उठला, तिनं त्याला हातानंच बसवलं. "मग त्यात असू दे. याला कुणी काढून दिला नाही. घरच्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. तरी हा आला म्हणावं, आपल्या पायांनी."

कारकुनाची बोटं टाइपरायटरच्या वर थांबली होती. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या, सर्दीच होती म्हणा. मग त्यांनी मान हलवली.

"नातं काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

"आत्या," ती म्हणाली. "सख्खी."